बिलिंग मशीन लॅपटॉपच्या यूएसबीवर चार्ज होता होत नाही, अडॅप्टरवर होतं – फरक नेमका कुठे?

कोपऱ्यावरचं_दुकान

नमस्कार मंडळी. किराणा दुकानात हातात धरायचं अँड्रॉइड बिलिंग मशीन वापरते, ५८ मिमी रोलचा प्रिंटर त्यातच आहे. मागच्या लेबलवर ‘इनपुट ५ व्होल्ट २ अँपिअर’, बॅटरीवर ‘७.४ व्होल्ट २६०० एमएएच’ असं छापलंय. चार्जिंगचं तोंड टाइप-सी. सोबत आलेला अडॅप्टर हरवलाय, त्यामुळे हाताशी असेल त्यावर भागवणं चाललंय.

लॅपटॉपच्या चौकोनी यूएसबीला लावलं तर चार्जिंगचं चिन्ह येतं, पण सकाळी ४० टक्के असलेलं संध्याकाळी जेमतेम ५० होतं. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तेही बंद.

फोनचा ३३ वॅटचा अडॅप्टर आणि दोन मीटरची वायर लावून, मशीन बंद ठेवलं तर सहा-सात तासांत भरतं.

लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला तर काहीच होत नाही, चिन्हसुद्धा येत नाही. त्याच चार्जरवर त्याच वायरने फोन मात्र व्यवस्थित चार्ज होतो.

आणखी दोन गोष्टी. २० टक्क्यांच्या खाली लांब बिल छापलं की मशीन मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतं, वायर लावलेली असली तरी. आणि अडॅप्टर लावलेला असताना कागद फाडायच्या दातेरी पट्टीला बोट लागलं की हलक्या झिणझिण्या येतात. लॅपटॉपवर तसं होत नाही. कशावर चार्ज करावं? नवीन अडॅप्टर घ्यायचा तर कोणता?

---

मिलीअँपिअर

ताई, आधी वॅटचा हिशोब करू, निम्मं कोडं तिथेच सुटतं.

७.४ व्होल्ट गुणिले २.६ अँपिअर-तास म्हणजे साधारण १९ वॅट-तास. ‘२६००’ आकडा बघून बॅटरी लहान वाटते, पण फोनची ५००० एमएएचची बॅटरी ३.८५ व्होल्टची असते, तिचेही १९ वॅट-तासच होतात. तुमच्या मशीनमध्ये दोन सेल एकापुढे एक जोडलेत, कारण थर्मल प्रिंटरला जास्त व्होल्टेज लागतं. यूएसबीच्या ५ व्होल्टचे आत ८.४ व्होल्ट करून बॅटरीत भरावे लागतात आणि त्या उलाढालीत १५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जाते.

लॅपटॉपच्या साध्या पोर्टचा नियम असा: यूएसबी २.० मध्ये नवीन आलेल्या पाहुण्याने आधी १०० मिलीअँपिअरच घ्यायचे, संगणकाने ओळख पटवून परवानगी दिली की ५०० पर्यंत. यूएसबी ३.० च्या पोर्टवर ही मर्यादा ९०० आहे, पण मशीनच्या आतलं सर्किट २.० चं असेल (अशा बहुतेक मशीनमध्ये तेच असतं) तर निळ्या पोर्टला लावूनही ते ५००च मागतं.

५ व्होल्ट, अर्धा अँपिअर म्हणजे २.५ वॅट. आतल्या नुकसानीनंतर उरतात २.१. मशीन चालू, स्क्रीन उजळलेली, ४जी सुरू असेल तर मशीनच दीड वॅटच्या घरात खातं. बॅटरीच्या वाट्याला आला अर्धा-पाऊण वॅट, त्यातून दिवसभराची बिलं छापायची. ४० चे ५० होतात हेच पुष्कळ आहे.

मग अडॅप्टरवर वेगळं का? कारण मशीन डेटाच्या दोन तारांकडे बघून ठरवतं. २०१० च्या बॅटरी चार्जिंग १.२ या नियमाप्रमाणे भिंतीवरच्या अडॅप्टरमध्ये त्या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. मशीन एका तारेवर थोडं व्होल्टेज देऊन दुसरीवर येतंय का ते पाहतं. आलं, म्हणजे समोर संगणक नाही, कुणाची परवानगी मागायची गरज नाही. मग ते दीड अँपिअर आणि पुष्कळदा त्याहून जास्तही घेतं. अडॅप्टरवर छापलेला अँपिअरचा आकडा ही फक्त वरची मर्यादा. किती घ्यायचे ते मशीन ठरवतं.

यातून निघणारी एक भानगड. बाजारात स्वस्त वायरी मिळतात ज्यांत डेटाच्या तारा नसतातच, फक्त तांबडी-काळी. अशा वायरीने उत्तम अडॅप्टर लावला तरी मशीनला काही कळत नाही आणि ते ५०० वर किंवा त्याहून खाली बसून राहतं. फोन लॅपटॉपला जोडून फोटो हलवता येत नसतील तर वायर तसली समजा.

झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो आणि पोर्टचा पुरवठा तोडतो. काही लॅपटॉपना एक पोर्ट चालूच राहणारा असतो, त्याच्या शेजारी विजेचं किंवा बॅटरीचं चिन्ह असतं आणि त्याची सेटिंग बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सापडते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ‘वीज वाचवायला हे बंद करू दे’ अर्थाची खूण काढली की चालू लॅपटॉपमध्ये मध्येच तुटणारं चार्जिंग थांबतं. झाकण मिटल्यावर मात्र तिचा उपयोग नाही. आणि मध्ये चार तोंडांचा साधा हब लावला असेल तर आधी तो काढा. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब एका पोर्टचे ५०० मिलीअँपिअर सगळ्यांत वाटतो, एकेका तोंडाला हक्काचे फक्त १०० येतात.

---

जुना_खेळाडू

६५ वॅटचा चार्जर अजिबात लावू नका. लॅपटॉपचा चार्जर २० व्होल्ट देतो, ५ व्होल्टचं मशीन जळून जाईल आणि बॅटरी फुगेल. जेवढ्याला तेवढंच. कंपनीचाच अडॅप्टर मागवा.

---

सीसी_पिन

वरचा सल्ला जुन्या गोल पिनच्या चार्जरला शंभर टक्के लागू आहे, टाइप-सीला नाही. टाइप-सी चार्जर वायर लावल्याबरोबर २० व्होल्ट सोडत नाही. आधी तो ५ व्होल्ट सुद्धा देत नाही! समोर कुणी ओळखीची खूण दाखवली की ५ देतो, आणि समोरच्याने पॉवर डिलिव्हरीच्या (टाइप-सीवर जास्त व्होल्ट मागायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) भाषेत रीतसर मागितले तरच ९, १५, २० वर जातो. लेबलवर फक्त ५ व्होल्ट लिहिलेल्या मशीनला ते मागताच येत नाहीत. वॅट जास्त आहेत म्हणून नुकसान होत नाही. ३३ वॅटच्या फोन अडॅप्टरचंही तेच, जलद चार्जिंगची त्या कंपनीची बोली मशीनला येत नाही म्हणून तो साधा ५ व्होल्टवर बसतो.

तुमच्या ६५ वॅटवाल्याने काहीच दिलं नाही, त्याचं कारण ती ‘ओळखीची खूण’. टाइप-सीच्या तोंडात सीसी नावाच्या दोन पिना असतात. चार्ज होणाऱ्या यंत्राने त्या दोन्हींवर ५.१ किलोओहमचा एकेक रोध (रेझिस्टर) ग्राउंडला जोडायचा असतो. चार्जर तो रोध बघतो आणि मगच पुरवठा सोडतो. स्वस्त मशीन बनवताना जुन्या मायक्रो-यूएसबीच्या आराखड्यावर नुसतं टाइप-सीचं तोंड बसवतात आणि ते दोन रोध टाकायचेच राहतात किंवा मुद्दाम गाळतात. चार्जरच्या दृष्टीने वायरीच्या पलीकडे कुणी नाहीच.

चौकोनी टोकाच्या, म्हणजे ए-टू-सी वायरीने हेच मशीन चालतं, कारण टाइप-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम हजर असतात, खूण बघायची पद्धतच नाही.

नामांकित लोकांचंही इथे चुकलंय. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डावरचा छोटा संगणक) च्या पहिल्या बोर्डांवर दोन सीसी पिनांना मिळून एकच रोध होता. साध्या वायरीवर बोर्ड चालायचा, पण आत चिप असलेली महागडी वायर लावली की चार्जरला वाटायचं हेडफोन जोडलाय, आणि पुरवठा बंद. पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं.

उपाय:

१. सरळ मार्ग म्हणजे ए-टू-सी वायर आणि चौकोनी तोंडाचा अडॅप्टर. तुमच्या कामाला हाच बरा.

२. ६५ वॅटचाच वापरायचा असेल तर फोनला पेनड्राइव्ह जोडायचं छोटं ओटीजी टोपण मिळतं, एका बाजूला टाइप-सीची पिन, दुसऱ्या बाजूला चौकोनी तोंड. ते चार्जरच्या सी-टू-सी वायरीवर लावता येत नाही, थेट चार्जरच्या तोंडात खोचायचं (चार्जरची वायर सुटी होत असेल तरच) आणि त्यात ए-टू-सी वायर. टोपणात तो ५.१ किलोओहमचा रोध असतो, म्हणून चार्जर ५ व्होल्ट सोडतो. वेग किती मिळेल ते चार्जरच्या डेटा तारांवर अवलंबून.

३. मशीन उघडून ए५ आणि बी५ (त्या दोन सीसी) पिनांपासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचे दोन रोध सोल्डर करणं. आधी बोर्डावर त्यांच्या रिकाम्या जागा आहेत का ते भिंगातून बघावं. तोंडाच्या त्या पिनाच बाहेर काढल्या नसतील तर तिथून तार ओढून जोडायचा खटाटोप करू नये. वॉरंटीत असेल तर अर्थातच हात लावू नका.

एक सावधगिरी. काही भिकार ए-टू-सी वायरींमध्ये आत ५६ किलोओहमऐवजी १० किलोओहमचा रोध असतो. ५६ चा अर्थ ‘साधा पोर्ट आहे, बेताने घे’, १० चा अर्थ ‘३ अँपिअर घे’. सीसी पिन वाचणारा फोन अशा वायरीने लॅपटॉपला जोडला तर तो ५०० मिलीअँपिअरच्या पोर्टमधून तीन अँपिअर ओढायला जातो. लॅपटॉप चांगला असेल तर ‘यूएसबी पोर्टवर पॉवर सर्ज’ असा इशारा देऊन पोर्ट बंद करतो. नसेल तर पोर्ट जातो.

---

कोपऱ्यावरचं_दुकान

सगळ्यांचे आभार. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून यूएसबी मीटर आणला. मशीनच्या बाजूला टाइप-सीत खोचायचा आहे. मशीन बंद, बॅटरी साधारण ३५ टक्के, वायर तीच दोन मीटरची:

लॅपटॉप: ४.६१ व्होल्ट, ०.४६ अँपिअर
३३ वॅटचा अडॅप्टर: ४.३८ व्होल्ट, ०.८२ अँपिअर

अडॅप्टरवर दोन अँपिअर का जात नाहीत? वायरीवर बारीक अक्षरांत ‘२८ एडब्ल्यूजी’ असं काहीतरी लिहिलंय.

---

तांब्याची_तार

मीटर मशीनच्या बाजूला लावलात हे फार चांगलं केलंत. अडॅप्टरच्या बाजूला लावला असता तर ५.१ व्होल्ट दिसले असते आणि सगळं ठीक वाटलं असतं.

चोर वायरच आहे. एडब्ल्यूजी हे तारेच्या जाडीचं माप. २८ एडब्ल्यूजीच्या तारेचा रोध मीटरला ०.२१ ओहम. दोन मीटर जाणं आणि दोन मीटर येणं, म्हणजे चार मीटर तार, ०.८५ ओहम. आता तुमचे आकडे घाला: ०.८२ गुणिले ०.८५ म्हणजे ०.७ व्होल्ट वायरीतच संपले. ५.१ मधून ०.७ गेले, ४.४ उरले. तुमच्या मीटरवर ४.३८ आहेत, वरचे शंभरावे हिस्से पिनांच्या सांध्यांत. लॅपटॉपचं गणितही जुळतं: ०.४६ गुणिले ०.८५ म्हणजे ०.३९, ५ मधून वजा केले की ४.६१.

आता ०.८२ वरच गाडी का अडली? मशीनच्या चार्जिंग आयसीला (चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपला) आतून एक तळरेषा आखून दिलेली असते, बहुधा ४.४ ते ४.५ व्होल्टच्या आसपास. येणारं व्होल्टेज तिथवर घसरलं की आयसी स्वतःहून करंट कमी करतो, नाहीतर पुरवठा कोसळून चार्जिंग चालू-बंद होत राहील. तुमचं मशीन नेमकं त्या रेषेवर टेकून उभं आहे. अडॅप्टर १०० वॅटचा आणला तरी या वायरीने ०.८२ चे ०.८३ होणार नाहीत.

तुमचे सहा-सात तासही यातच बसतात. ४.३८ गुणिले ०.८२ म्हणजे ३.६ वॅट, नुकसान वजा जाता ३ च्या आसपास. १९ भागिले ३, सव्वासहा तास.

वायर घेताना लांबी जास्तीत जास्त एक मीटर, आणि अंगावर ‘२८एडब्ल्यूजी/१पी + २४एडब्ल्यूजी/२सी’ असं काहीतरी छापलेलं बघा. पहिला आकडा डेटाच्या जोडीचा, ती बारीक असली तरी बिघडत नाही. दुसरा पुरवठ्याच्या तारांचा, तो २४ किंवा त्याहून लहान हवा (आकडा लहान तितकी तार जाड). २४ च्या एक मीटर वायरीत जाऊन-येऊन ०.१७ ओहम पडतात. दोन अँपिअरला ०.३४ व्होल्ट. म्हणजे मशीनपाशी पावणेपाच व्होल्ट पोचतील आणि तुमच्या जुन्या वायरीतून जाणाऱ्याच्या दुप्पट करंट सहज घेता येईल. वरून जाडजूड दिसणारी, विणलेल्या कापडाची वायर आतून जाड असतेच असं नाही. जाडी पुष्कळदा प्लास्टिकची असते. काउंटरवरच मीटर लावून बघू देणारा दुकानदार मिळाला तर उत्तम.

एक्स्टेन्शन बोर्डमध्येच यूएसबीची तोंडं असतात, ‘३.१ अँपिअर’ छापलेली. तो आकडा बहुतेक वेळा सगळ्या तोंडांचा मिळून असतो. बाजूच्या तोंडात फोन आणि ब्लूटूथ स्पीकर असेल तर मशीनच्या वाट्याला उरलंसुरलंच.

---

दुरुस्ती_टेबल

चार्जिंगचं वर छान झालंय, मी राहिलेलं घेतो.

छापताना बंद पडणं. हा दोष चार्जरचा नाही, आणि मोठा चार्जर लावून तो जाणारही नाही. ५८ मिमीच्या प्रिंटर हेडमध्ये एका ओळीत ३८४ ठिपके असतात, प्रत्येक ठिपका म्हणजे एक बारीकसा हीटर. मजकुराच्या ओळीत त्यातले थोडेच तापतात, पण लोगो, काळी पट्टी किंवा मोठी ठळक बेरीज आली की एकदम पुष्कळ तापतात आणि क्षणभर कित्येक अँपिअरचा झटका बसतो. तो झटका बॅटरीनेच सोसायचा असतो. नवीन बॅटरी सोसते. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. समजा तो ०.३ ओहम झाला आणि झटका ३ अँपिअरचा आहे, तर ०.९ व्होल्ट जागच्या जागी पडले. २० टक्क्यांवर बॅटरी ७ व्होल्टच्या आसपास असते, ती ६.१ वर येते, संरक्षण सर्किट किंवा मशीनचा पुरवठा हात वर करतो आणि मशीन रिस्टार्ट.

करायचं काय: प्रिंटरच्या सेटिंगमध्ये घनता (छपाईचा गडदपणा) एक-दोन पायऱ्या उतरवा, बिलावरचा लोगो आणि काळी पट्टी काढा, दुपारी दुकान बंद असताना एकदा चार्जिंगला लावून ३० च्या खाली जाऊ देऊ नका. एवढ्याने थांबलं नाही तर बॅटरी बदला. बॅटरी निघणारी असेल तर ती सपाट टेबलावर ठेवून गोल फिरते का बघा. भिंगरीसारखी फिरली तर ती फुगलीय, तिला पुन्हा चार्जिंगला लावू नका, दाबून किंवा टोचून ‘हवा काढायचा’ उद्योग तर मुळीच नको.

झिणझिण्या. दोन पिनच्या अडॅप्टरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये एक छोटा वाय-कपॅसिटर असतो, रेडिओवरची खरखर थांबवायला. त्यातून अगदी किंचित गळती येते आणि अर्थिंग नसल्यामुळे तिला जायला वाट नसते. मशीनची दातेरी पट्टी ग्राउंडला जोडलेली असते, तुम्ही फरशीवर उभ्या, वाट मिळाली. पावसाळ्यात किंवा अनवाणी असलं की जास्त जाणवतं. लॅपटॉपवर होत नाही, कारण तो बॅटरीवर चालत असतो किंवा त्याच्या तीन पिनच्या चार्जरला अर्थिंग मिळतं.

चांगल्या अडॅप्टरमध्ये ही गळती पाव मिलीअँपिअरच्या आत ठेवावी लागते. तपासायचं तर मीटर हाताळता येणाऱ्याकडून: मशीन अडॅप्टरवर, पट्टी आणि सॉकेटचं अर्थिंग यांच्यात १०० किलोओहमचा रोध, आणि त्या रोधावर एसी व्होल्ट मोजायचे. २५ व्होल्टपर्यंत आले तर नियमात, त्याहून जास्त आले तर अडॅप्टर फेका. नुसतं मीटर लावलं तर ९०-१०० व्होल्ट दिसतात आणि माणूस घाबरतो, पण त्या आकड्यात जीव नसतो. झिणझिण्यांऐवजी खरा झटका बसला तर मात्र मोजत बसू नका, लगेच बटण बंद करून अडॅप्टर काढा.

नवीन अडॅप्टर. ५ व्होल्ट, २ किंवा २.४ अँपिअर, चौकोनी तोंड, बस. अंगावर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण, आयएस १३२५२ आणि ‘आर-’ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की कुणाच्या नावावर, कोणत्या मालासाठी आहे ते दिसतं. रस्त्यावर मिळणाऱ्या शंभर रुपयांच्या अडॅप्टरवर खूण छापलेली असते पण क्रमांक टाकला की एखाद्या एलईडी दिव्याचा निघतो, असं होतं. असला अडॅप्टर हलका लागतो हातात, कारण आत फिल्टरचे भागच नसतात, आणि २३० व्होल्ट व ५ व्होल्ट यांमधलं अंतर राखलेलं नसतं. इथे पैसे वाचवू नका.

तुमच्या इन्व्हर्टरवर चालेल का असा पुढचा प्रश्न येईलच. चालतो. ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलेला अडॅप्टर आधी एसीचं डीसी करतो, त्यामुळे चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरचं त्याला वावडं नाही.

आणि ज्यांच्या मशीनला टाइप-सीऐवजी गोल पिन आहे त्यांच्यासाठी, कारण अशी मशीन अजून खूप आहेत: दुकानातल्या वायफाय राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्टचा असतो आणि त्याची ५.५ बाय २.१ मिमीची पिन अशा पुष्कळ मशीनमध्ये अगदी बेमालूम बसते. टेबलाखाली दोन काळे अडॅप्टर शेजारी शेजारी, अंधारात हात गेला, ५ व्होल्टचं मशीन १२ वर. इथे सीसी पिन नाही, कुणी कुणाला काही विचारत नाही. दोन्ही पिनांना वेगवेगळ्या रंगाची टेप गुंडाळा. यूएसबीतून ९ किंवा १२ व्होल्ट काढणाऱ्या राउटरच्या वायरीही याच पिनच्या असतात, त्याही वेगळ्या ठेवा.

तोंड साफ करणं राहिलं. किराणा दुकानात टाइप-सीच्या तोंडात पीठ आणि धूळ जाऊन तळाशी घट्ट बसते, वायर पूर्ण आत जात नाही, सांधा तापतो. मशीन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद खरवडा, सुईने नाही. मधल्या जिभेवरच्या पिना वाकतात. कोकणाकडे हिरवट थर दिसतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढा आणि वाळल्याशिवाय वायर लावू नका. ओल्या पिनेवर ५ व्होल्ट लागले की गंज दिवसांत होतो, महिन्यांत नाही.

---

जुना_खेळाडू

टाइप-सीचं वाचलं, माहिती चांगली आहे. पण दिवसभर अडॅप्टरला लावून ठेवलं तर बॅटरी लवकर जाते हे तरी खरं ना?

---

मिलीअँपिअर

हो, पण कारण ‘ओव्हरचार्ज’ नाही. ८.४ व्होल्टला पोचल्यावर आयसी करंट कमी करत करत तोडतो. झिजवतात त्या दोन गोष्टी: कायम १०० टक्क्यांवर राहणं आणि उष्णता. बिलिंग मशीनमध्ये हेड तापतं, चार्जिंग आयसी तापतो, वरून काउंटरवर ऊन. बॅटरीचा सेन्सर ४५ अंशांच्या पुढे चार्जिंग थांबवतो. ‘वायर लावलीय पण चार्ज होत नाही’ अशा उन्हाळ्यातल्या तक्रारी पुष्कळदा एवढ्याच असतात. मशीन सावलीत घ्या, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होतं.

गर्दीच्या वेळी बॅटरीवर, मोकळ्या वेळी अडॅप्टरवर, ३० ते ८०-९० च्या दरम्यान. एवढं पुरे. लॅपटॉपचा पोर्ट फक्त डेटा घ्यायला ठेवा, आणि डेटा घेत नसाल तेव्हा यूएसबी डीबगिंग (संगणकाला वायरीतून मशीनवर ताबा देणारी सेटिंग) बंद असू द्या. दुसऱ्याच्या संगणकावर मशीन चार्जिंगला लावायची वेळ आली तर स्क्रीनवर ‘फक्त चार्जिंग’ निवडा.

---

कोपऱ्यावरचं_दुकान

नवीन एक मीटरची वायर आणली, २४ वाली. तोच ३३ वॅटचा अडॅप्टर, मशीन बंद: ४.७५ व्होल्ट, १.८५ अँपिअर. लोगो काढला, घनता उतरवली, बंद पडणं बरंच कमी झालंय, पण बॅटरी भिंगरी झालीय. नवीन मागवली आहे.

शेवटचं एक: मंगळवारच्या आठवडी बाजारात माल लावतो तेव्हा वीज नसते. १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरेल का?

---

तांब्याची_तार

पुरेल. आतला सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्ट करताना थोडे गेले, मशीनमध्ये ७.४ ची बॅटरी भरताना आणखी थोडे, हातात २६-२७ उरतात. तुमची १९ वॅट-तासांची बॅटरी एकदा पूर्ण आणि वर आणखी एकतृतीयांश. चौकोनी तोंडातून, हीच नवीन वायर लावून.

मशीन ९५ टक्क्यांच्या पुढे गेलं की करंट इतका कमी होतो की बऱ्याच पॉवर बँका ‘काही जोडलेलं नाही’ समजून बंद होतात. बाजारात मशीन तेवढं भरायची गरज नाही, पण दिवा विझला म्हणून पॉवर बँक बिघडली असं समजू नका, बटण दाबलं की परत सुरू होते. नवीन बॅटरी येईपर्यंत मात्र ती भिंगरी झालेली पॉवर बँकेवरही चार्ज करू नका. बाजाराच्या दिवशी बिलबुक न्या.